मागचा आवाज

१

क्लबातले लोक त्यांना शिक्केसाहेब म्हणायचे. नाव नोकरीवरून पडलं होतं. बाजारातली वजनं आणि काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायचे, हे काम ते सत्तावीस वर्षं करत होते. पाच ग्रॅमचा फरक त्यांच्या नुसत्या तळहाताला कळतो असं व्यापारी म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबातही त्यांच्या गळ्यात तेच काम पडलं होतं. पडताळणी. परवाना असलेल्या प्रत्येकाला अक्षरं आणि आकडे मिळून एक कॉल साइन मिळतं. हवेतलं नाव म्हणा. एकाचं दुसऱ्याला नसतं. वर्षभरात शंभर वेगवेगळ्या लोकांशी रेडिओवरून बोललात की क्लब प्रमाणपत्र देतो. पण नुसतं 'बोललो' म्हणून भागत नाही. तुमच्या वहीत जी वेळ, तीच समोरच्याच्या वहीत असावी लागते. ऐकलेलं कॉल साइन त्या वेळी खरंच हवेत होतं का, हे कुणीतरी ताडून पाहायचं असतं. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरून शिक्केसाहेब ते ताडून पाहायचे. या कामात डोकं लागायचं, मन लागायचं नाही. म्हणून त्यांना ते बरं वाटायचं.

त्या रविवारी गुरुजींचा अर्ज होता. गुरुजी म्हणजे दीडशे किलोमीटरवर राहणारे निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, चूक सापडणं मुश्कील. सत्त्याऐंशीव्या ओळीवर शिक्केसाहेबांची पेन्सिल थांबली. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पुढे कॉल साइन लिहिलं होतं ते त्यांचं स्वतःचं.

त्यांनी फोन लावला.

"गुरुजी, सत्त्याऐंशी नंबर खोडतोय. ऐकण्यात काहीतरी चूक झालीय. ते माझं कॉल साइन आहे."

"तुमचंच आहे. म्हणून तर लिहिलं."

"मंगळवारी दोन वाजता मी बाजारात काटे तपासत होतो."

"अहो, तुम्ही नव्हतातच. बाईंचा आवाज होता." गुरुजी हसले. "म्हटलं, चला, वहिनी पण तुमच्या रेडिओवर बसायला लागल्या वाटतं. फार सावकाश बोलत होत्या. पहिलीतलं पोर वाचतं ना, तसं. पण एकेक अक्षर स्वच्छ."

शिक्केसाहेबांनी त्या ओळीतली वेळ पुन्हा वाचली.

"हॅलो? आहात ना?"

"माझी बायको तीन वर्षं बोलत नाही, गुरुजी."

"एवढ्या रागावल्यात?"

"पक्षाघात झालाय तिला."

पलीकडे गुरुजींनी घसा खाकरला, माफी मागितली, पुन्हा मागितली. शिक्केसाहेब म्हणाले, असू द्या. सत्त्याऐंशीव्या ओळीवर त्यांनी रेघ मारली आणि पुढचा अर्ज घेतला.

२

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मागच्या खोलीत बायकोचा पलंग, उशाची बाजू भिंतीला लागून. त्या भिंतीपलीकडे पूर्वी अडगळीची असलेली लहानशी खोली होती. तिथे रेडिओ. भिंत अर्ध्या विटेची, त्यामुळे इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं. लग्नानंतर वीस-बावीस वर्षं ती पलंगावर पडून त्यांचं कॉल साइन ऐकत आली होती. शेवटची अक्षरं एल, के, ए; रेडिओवर ती लिमा, किलो, आल्फा अशी म्हणायची असतात. "लिमा किलो, लिमा किलो! किलोभर लिंबं आणून टाका एकदाची, म्हणजे सुटेन," असं ती भिंतीवर थापटी मारून ओरडायची. जीभ तिखट होती तिची. शिक्केसाहेबांना कधी उत्तर सुचायचं नाही. जिन्यात गेल्यावर सुचायचं.

आता ती पडून असायची. डावा हात तेवढा हलायचा. आवाज एकच निघायचा, 'अं'. भूक लागली तरी 'अं' आणि नको असलं तरी 'अं'.

ती आजारी पडल्यापासून रेडिओच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली ऑफिसच्या जुडग्यात, जुडगा त्यांच्या कमरेला.

दिवसा तिच्याजवळ मावशी असायच्या. नऊ ते सहा. संध्याकाळी मावशी चपला घालत असताना शिक्केसाहेबांनी विचारलं, "मावशी, दुपारी कुणी येतं का घरी?"

"कोण येणार? गेल्या वर्षी गॅसवाला आला होता."

"त्या खोलीत कुणी गेलं होतं?"

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि विचारता मला!" मावशी म्हणाल्या. मग दारातच थांबल्या. "साहेब, डॉक्टरांना एक विचाराल का? दुपारी चार वाजले की त्यांचा घसा पार कोरडा पडलेला असतो. ओठ फुटतात. दोन-दोन पेले पाणी पितात. जसं काही सकाळपासून तोंड मिटलंच नाही."

"उन्हाळा आहे," शिक्केसाहेब म्हणाले.

"हो, तेही आहे," म्हणून मावशी गेल्या.

त्यांनी खोलीचं कुलूप पाहिलं. बंद. उघडून आत पाहिलं. रेडिओवर धुळीचा सारखा थर होता, त्यावर एकही बोट उमटलेलं नव्हतं. त्यांना हायसं वाटलं नाही आणि भीतीही वाटली नाही. कुलूप लावून त्यांनी बायकोला सूप भरवलं.

३

दुसऱ्याचं कॉल साइन चोरून वापरणारे महाभाग असतात. शिक्केसाहेबांनी असे दोघे आजवर पकडले होते. तेव्हा त्यांनी गुरुजींना सांगितलं की पुन्हा ऐकू आलं तर रेकॉर्ड करून पाठवा.

गुरुवारी आलं. ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे कपाटात पितळेची प्रमाण वजनं मखमलीत ठेवलेली असत, तिथे बसून त्यांनी कानात इअरफोन घातले.

आधी खरखर. मग एका बाईचा आवाज. "लिमा." मोठा श्वास. "किलो." श्वास. "आल्फा." मग गुरुजींचा आवाज, "मॅडम, आपण कुठून बोलताय?" बराच वेळ खरखर. "घ. रा. तू. न."

त्यांनी ते अकरा वेळा ऐकलं. आवाज बायकोचा आहे का? पहिल्यांदा वाटलं, नाही. तिसऱ्यांदा वाटलं, असेल. सातव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की तिचा आवाज कसा होता हेच त्यांना आठवत नाहीये. शब्द आठवत होते, लिंबं आठवत होती, भिंतीवरची थापटी आठवत होती. आवाजाच्या जागी काहीच नव्हतं. कुठे रेकॉर्ड करून ठेवावा असं कधी वाटलंच नव्हतं. बोलणारं माणूस घरात असताना ते कोण करतं?

त्यांनी रेकॉर्डिंग मेहुणीला पाठवलं. बायकोची ही धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शिवणकाम करायची. सोबत एक ओळ लिहिली: 'हा तुझ्या ताईचा आवाज आहे का, एवढंच सांग.'

४

मेहुणीने सांगितलं नाही. ती स्वतःच आली, ऑफिसात, भर अकरा वाजता. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"भाऊजी, हे कुठून मिळालं तुम्हाला?"

"आधी सांग, तिचा आहे का?"

"बोलतेय ती ताई नाही. कोण आहे मला माहीत नाही." तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "मागे ऐकलंत?"

"मागे काय?"

"मागे ताई आहे."

तिने इअरफोन त्यांच्या कानात खुपसला आणि फोनवर बोट ठेवलं. "आता. 'लिमा'च्या आधी."

खरखर. त्या खरखरीत, फार खाली, कुजबुज होती. *लिमा.* आणि मग मोठ्याने, "लिमा." पुन्हा खाली, *किलो.* मग, "किलो."

"वीस वर्षं आम्ही एका खोलीत झोपलो," मेहुणी म्हणाली. "आईने दिवा घालवला की ती अशीच बोलायची. मी हा आवाज मेल्यावरसुद्धा ओळखेन. ती सांगतेय, भाऊजी. आणि ती दुसरी तिच्या मागून म्हणतेय."

शिक्केसाहेबांनी इअरफोन काढून ठेवला. खरखर सतत ऐकणाऱ्याला तीत काहीही ऐकू येतं. कुणाला आपलं नाव ऐकू येतं, कुणाला पोरगं रडलेलं. क्लबात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच समजावून सांगायचे. त्यांनी मेहुणीलाही समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुमचा चेहरा असा का झालाय?"

भिंतीवर आरसा होता. चेहरा नेहमीसारखाच होता. असं तिने का म्हणावं, त्यांना कळलं नाही.

५

गुरुजींनी आणखी चार रेकॉर्डिंगं पाठवली. शिक्केसाहेबांनी ती पहिल्यासकट तारखेप्रमाणे लावून एकामागून एक ऐकली. पुढची बाई सुधारत होती. दुसऱ्यात श्वास कमी झाले, तिसऱ्यात अक्षरं सलग आली, चौथ्यात ती गुरुजींना म्हणाली, "आवाज छान येतोय तुमचा." पाचव्यात हसलीसुद्धा. मागची कुजबुज मात्र दर वेळी बारीक होत गेली होती. पाचव्यात ती होती की नव्हती, हे सांगता येत नव्हतं.

क्लबाच्या सेक्रेटरीकडे आवाजाची दिशा शोधायचं यंत्र होतं. चोर पकडायला मिळणार म्हणून स्वारी उत्साहात. सोमवारी दुपारी तो गाडीत अँटेना घेऊन फिरला आणि तीन वाजता ऑफिसात आला, तेव्हा उत्साह उतरलेला होता.

"शिक्केसाहेब, माझं यंत्र बिघडलंय."

"कुठे दाखवतंय?"

"तुमच्या बिल्डिंगमध्ये. तिसरा मजला, मागची बाजू." तो कानामागे खाजवत म्हणाला, "तुम्ही घरी काही चालू ठेवून तर नाही ना आलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्केसाहेबांनी रेडिओची मागची केबल सोडवली, विजेची वायर उपटली आणि दोन्ही गुंडाळून डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात नेली. दुपारभर ती त्यांच्या टेबलाच्या खणात होती. सव्वादोनला गुरुजींचा फोन आला.

"आज तर काय, शेजारच्या खोलीत बसून बोलल्यासारखा आवाज होता! तुमची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, ह्यांना सांगा, कधीतरी हाक मारा म्हणावं."

शिक्केसाहेबांनी खण उघडला. केबल होती. त्यांनी खण बंद केला.

त्या संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "साहेब, ताईंनी आज 'अं' केलं नाही. एकदाही नाही. आणि उचलताना हलक्या लागतात."

रुग्णांना खुर्चीसकट तोलायचा काटा त्यांनी ऑफिसातून आणवला. वजन पन्नास किलो चारशे ग्रॅम भरलं. महिन्यापूर्वीही तेवढंच होतं. त्यांनी मावशींना काट्यावरचा आकडा दाखवला.

"काटा म्हणतोय ते खरं असेल," मावशी म्हणाल्या. "माझे हात आपले अडाणी."

६

शहरातल्या शहरात चालणारा एक हातातला सेट त्यांच्याकडे होता, मुठीएवढा. बुधवारी दोन वाजता प्रमाण वजनांच्या खोलीचं दार लावून त्यांनी तो सुरू केला. दोन वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्याला हाक मारावी तसं, स्वतःचंच कॉल साइन पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"अहो, केवढा उशीर," आवाज म्हणाला. "जेवलात का?"

त्यांच्या हातातला सेट हलला नाही. कपाटातली वजनं जागच्या जागी होती. तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"जेवलो," ते म्हणाले.

"काय होतं डब्यात?"

त्यांनी सांगितलं. मग ते पडताळणीला लागले. "एक विचारतो. लग्नानंतर आपण पहिल्यांदा भांडलो, ते कशावरून?"

खरखर. तिच्या तळाशी काहीतरी पुटपुटल्यासारखं. मग, "छत्रीवरून. तुम्ही ती बँकेत विसरून आलात."

बरोबर होतं. छत्री बँकेतच राहिली होती. त्यावरून ती चार दिवस बोलली नव्हती, आणि पुढे बावीस वर्षं दर पावसाळ्यात तिने त्या छत्रीचा विषय काढला होता.

"पण जाऊ द्या," आवाज म्हणाला. "छत्रीचं काय एवढं! मी केव्हाच विसरले."

इथे शिक्केसाहेबांना कळायला हवं होतं. कळलंही. हे वजन खोटं होतं, हाताला लागताच ओळखू येईल इतकं खोटं. त्यांच्या बायकोने असं म्हटलंच नसतं. पण त्यांनी सेट बंद केला नाही. अडीचपर्यंत बोलले, बाजारातल्या एका दुकानदाराचा किस्सा सांगितला, आणि आवाज योग्य ठिकाणी हसला.

मग ते रोजचंच झालं. घरी गेल्यावर ते बायकोला भरवायचे, पुसायचे, कूस बदलायचे. तिचे डोळे त्यांच्यावर असायचे. ते पाहायचे चमच्याकडे.

मेहुणीला संशय आला होता. एका शनिवारी ती घरी आली, ताईच्या केसांना तेल लावत बसली आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तिच्याशी बोलता. त्या दुसरीशी."

"नाही."

"भाऊजी, ताई काय म्हणतेय ते तरी ऐकता का? मागे?"

"मागे काही नसतं. खरखर असते."

मेहुणीचे हात थांबले. पलंगावरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तसं ते आता नेहमीच यायचं. डॉक्टर म्हणाले होते, पापण्यांचे स्नायू सैल पडलेत.

"ताई तुमच्याशी कधी गोड बोलली नाही, हे मला माहीत आहे," मेहुणी म्हणाली. "पण तुमच्या ऑपरेशनच्या वेळी चौदा दिवस उशाशी कोण बसलं होतं? ती दुसरी का?"

त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. जिन्यापर्यंत तिला पोचवायला गेले, तिथेही उत्तर सुचलं नाही.

सोमवारी आवाज त्यांना विचारत होता की इतके थकल्यासारखे का वाटता, आणि ते म्हणत होते, काही नाही, जरा झोप कमी झाली. मध्ये क्षणभर खरखर विरळ झाली. त्या फटीतून कुजबुज आली. फार लांबून, पण शब्द सुटे सुटे होते.

*उत्तर. देऊ. नका.*

"ऐकताय ना?" आवाजाने लगेच विचारलं.

शिक्केसाहेबांनी सेट कानापासून थोडा लांब धरला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिची चाकं दूर जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"ऐकतोय," ते म्हणाले.

७

गुरुवारी बाजार बंद होता. दीडलाच ते घरी आले. मावशींना औषधं आणायला जायचं होतं, तासभर लागेल म्हणाल्या.

शिक्केसाहेब पलंगाशेजारी स्टुलावर बसले. पडद्यातून ऊन आत आलं होतं आणि चादरीवर अर्ध्यापर्यंत पोचलं होतं. सेट त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. तो मुद्दाम सुरू केला असं नाही. बंद केला नव्हता, एवढंच.

दोन दहाला बायकोचे ओठ हलायला लागले.

खोलीत आवाज नव्हता. ओठ हलत होते, फुटलेले, कोपऱ्यात पांढरे पडलेले, आणि कुजबुज येत होती ती खिशातून. *लिमा. किलो.* तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. मग ओठ थांबले. खिशातला आवाज थांबला नाही. आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आज जवळ आहात," आवाज म्हणाला. "आत या ना."

हे शेवटचं त्यांना दोनदा ऐकू आलं. एकदा खिशातून, आणि त्याच वेळी भिंतीतून, अर्ध्या विटेपलीकडून येतो तसा जाड आवाज.

ते उठले, पण बाही अडकली. बायकोच्या डाव्या हाताने शर्टाची बाही धरली होती. त्या हाताला पेला जेमतेम धरता यायचा. आता बोटांची पेरं पांढरी झाली होती. शिक्केसाहेब त्या हाताकडे पाहत राहिले. काहीतरी वाटायला हवं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवलं, हात तिच्या छातीवर नीट ठेवला आणि कमरेचा जुडगा काढला.

रेडिओच्या खोलीत धुळीचा वास होता. खिडकीची काच कागद लावून बंद केलेली, त्यामुळे दारातून शिरला तेवढाच उजेड. रेडिओ तसाच, मागे केबलची जागा तोडल्यासारखी मोकळी. खुर्ची रिकामी.

भिंतीशी कुणीतरी होतं. पलंगाची उशाची बाजू ज्या भिंतीला पलीकडून लागत होती, त्या भिंतीशी. पाठमोरं, गुडघ्यांवर बसलेलं. एक गाल, एक कान आणि दोन्ही तळवे भिंतीला चिकटवून. केस बायकोचे पूर्वी असत तसे, कमरेपर्यंत. मान वळली नाही. एक हात तेवढा भिंतीपासून सुटला आणि त्याचं एक बोट वर झालं. थांबा. कुणाचं तरी शेवटचं वाक्य ऐकून घेताना माणूस करतो तसं.

"अहो!"

हाक मागून आली होती, पलंगावरून. घोगरी, फाटलेली, चिडलेली, मोठ्या आवाजातली. हा आवाज ताडून पाहावा लागला नाही. कुणाचा आहे हे त्यांना त्याच क्षणी समजलं. तीन वर्षं ज्या जागी काहीच नव्हतं, तिथे तो बरोबर बसला. तिला पुढे आणखी काही म्हणायचं होतं. श्वास घेतलेला ऐकू आला.

समोरचं बोट अजून वरच होतं.

शिक्केसाहेब उंबऱ्यावर उभे राहिले, फार वेळ नाही. मग ते आत गेले, आणि दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.